तुरुंगाच्या भिंतीआडचा बिनतारी आवाज

आर्वी तालुक्यातील रोहणा येथे एखाद्या संशयितास अटक झाली, की त्याचा पुढील प्रवास साधारणपणे ठरलेला असतो. प्रथम पोलिस ठाणे, मग न्यायालय आणि न्यायालयीन कोठडी मिळाल्यास वर्धा येथील जिल्हा कारागृह. या वाटेवर त्याला नेणाऱ्या पोलिसांचा जिल्हा नियंत्रण कक्षाशी बिनतारी यंत्रणेद्वारे संपर्क असतो. वाहन रस्त्यात बंद पडले, गर्दी जमली किंवा आरोपीने हिसडा दिला, तरी काही क्षणांत वर्ध्याला खबर पोचू शकते. कारागृहाच्या दारात मात्र आरोपीचा ताबा बदलतो आणि त्याबरोबर यंत्रणाही बदलते. पोलिस दल आणि कारागृह विभाग ही दोन्ही गृह खात्याचीच अंगे असली, तरी त्यांची रचना, त्यांचे अधिकारी आणि त्यांची कामाची पद्धत वेगळी आहे. पोलिसांचे काम दारापाशी संपते. आतील जबाबदारी कारागृह शिपायांची.

कारागृहाच्या मुख्य प्रवेशद्वाराला दोन दरवाजे असतात. पहिला बंद झाल्याखेरीज दुसरा उघडायचा नाही, असा दंडक आहे. आत जाणाऱ्या कर्मचाऱ्याला स्वतःचा मोबाइल बाहेर ठेवूनच पुढे जावे लागते. बाहेरच्या जगात प्रत्येकाच्या खिशात असलेले संपर्काचे साधन ज्याच्या हातून काढून घेतले जाते, अशा या कर्मचाऱ्याकडे कायदेशीर म्हणता येईल असा एकच फिरता आवाज उरतो, आणि तो म्हणजे वॉकीटॉकी. कारागृहाच्या सुरक्षेची चर्चा उंच भिंती, विजेच्या तारा आणि कॅमेरे यांच्यापाशी थांबते. या लहानशा संचाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. प्रत्यक्षात भिंतीआड एकट्याने पहारा देणाऱ्या माणसाचा जीव अनेकदा त्यावरच अवलंबून असतो.

मोबाइल का चालत नाही?

कारागृहात मोबाइल नेण्यास मनाई आहे, कारण तेथे मोबाइल हे केवळ बोलण्याचे साधन राहत नाही. त्याच्या साह्याने साक्षीदारांना धमकावता येते, खंडणी मागता येते आणि बाहेरच्या साथीदारांकडून पळून जाण्याची व्यवस्थाही करून घेता येते. कर्मचाऱ्यांना मोबाइल आत नेऊ दिला, तर त्यातील एखादा कैद्यांच्या हाती जाण्याची वाट मोकळी होते. कैद्यांना नातेवाइकांशी आणि वकिलांशी बोलण्यासाठी कारागृह प्रशासनाने अधिकृत दूरध्वनीची सोय केलेली असते. त्याबाहेरचा प्रत्येक फोन बेकायदा ठरतो.

या गुन्ह्याची शिक्षा बराच काळ नाममात्र होती. १८९४ च्या कारागृह अधिनियमातील ४२ व्या कलमानुसार निषिद्ध वस्तू आत नेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोनशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद होती. कायदा झाला तेव्हा तंबाखू, अफू, चाकू यांचा विचार झाला होता; मोबाइलचा विचार होणे शक्यच नव्हते. केंद्र सरकारने २०२३ मध्ये राज्यांसाठी आदर्श कारागृह अधिनियम तयार केला, त्यात मोबाइलसाठी स्वतंत्र आणि अधिक कडक शिक्षा सुचविण्यात आली.

वर्ध्याच्या शेजारीच असलेल्या नागपूरने या प्रश्नाचे गांभीर्य अनुभवले आहे. ३१ मार्च २०१५ रोजी पहाटे नागपूर मध्यवर्ती कारागृहातून पाच न्यायाधीन कैदी पळाले. बराकीचे गज कापून ते बाहेर आले आणि चादरींच्या साह्याने त्यांनी भिंत ओलांडली. त्यानंतर घेण्यात आलेल्या झडत्यांत कारागृहाच्या आवारातून मोबाइल आणि बॅटऱ्या बाहेर निघत राहिल्या. पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर २०१६ च्या पहाटे, भोपाळच्या मध्यवर्ती कारागृहातून आठ न्यायाधीन कैदी पळाले. तेथे पहाऱ्यावरील एका हवालदाराची हत्या झाली. दोन्ही घटनांची वेळ पहाटेची होती. पहारा सर्वांत विरळ आणि शरीर सर्वांत थकलेले असते, अशीच ही वेळ. अशा वेळी एका माणसाने पाहिलेली गोष्ट बाकीच्यांना किती सेकंदांत कळते, यावर पुढचे सारे ठरते.

एकाचा आवाज, सर्वांचे कान

वॉकीटॉकी आणि दूरध्वनी यांत मूलभूत फरक आहे. दूरध्वनीवर एक माणूस दुसऱ्या एकाच माणसाशी बोलतो. क्रमांक लावावा लागतो, समोरच्याने उचलावा लागतो आणि तो दुसऱ्याशी बोलत असेल तर थांबावे लागते. वॉकीटॉकीत बाजूचे बटण दाबले, की त्या वाहिनीवर असलेले सर्व संच एकाच क्षणी बोलू लागतात. टॉवरवरील शिपायाने दिलेली हाक मुख्य दरवाजावरील हवालदार, सर्कलमधील सुभेदार, नियंत्रण कक्षातील कर्मचारी आणि फेरीवर असलेला तुरुंगाधिकारी या सर्वांना एकदम ऐकू जाते. एका वेळी एकालाच बोलता येते, ही या यंत्रणेची मर्यादा खरी. पण तिच्यामुळेच बाकीचे ऐकत राहतात.

दूरध्वनीवर विसंबून राहण्याची किंमत काय असू शकते, हे अमेरिकेतील एका घटनेने दाखवून दिले. न्यूयॉर्क राज्यातील ॲटिका कारागृहात ९ सप्टेंबर १९७१ रोजी सकाळी दंगल उसळली. चारही विभागांच्या वाटा जेथे एकत्र येत, त्या चौकातील लोखंडी दरवाजा सदोष जोडामुळे कैद्यांच्या रेट्यापुढे निखळला आणि दंगल सर्वत्र पसरली. कारागृहातील अंतर्गत दूरध्वनी यंत्रणा इतकी जुनाट होती, की तीवर एका वेळी एकच संभाषण होऊ शकत असे. एका विभागात काय घडले, हे दुसऱ्या विभागातील पहारेकऱ्यांना वेळेवर समजले नाही. चार दिवसांनी सशस्त्र कारवाई करून कारागृह ताब्यात घेण्यात आले. या प्रकरणात कैदी आणि कर्मचारी मिळून ४३ जणांचा बळी गेला. दंगलीची कारणे अर्थातच खोल होती. कैद्यांच्या न्याय्य गाऱ्हाण्यांकडे झालेले दुर्लक्ष हे त्यांतील मुख्य. परंतु ठिणगी पडल्यानंतर ती एका विभागात रोखता आली नाही, याला दळणवळणाचे अपयश हेही एक कारण होते.

दगडी भिंती आणि रेडिओ लहरी

वॉकीटॉकीचा जन्म तसा लष्करी गरजेतून झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांना पाठीवर किंवा हातात घेऊन चालता येतील असे संच तयार झाले. पोलिसांनी रेडिओ त्याआधीच आपलासा केला होता. अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी १९२८ मध्ये वाहनांपर्यंत एकतर्फी संदेश पोचवणारी यंत्रणा सुरू केली आणि १९३३ मध्ये न्यू जर्सी राज्यातील बेयॉन येथे दुतर्फा संभाषण शक्य झाले. कारागृहांपुढील अडचण मात्र मोकळ्या रणांगणापेक्षा किंवा शहरी रस्त्यापेक्षा वेगळी आहे. येथे अंतर फार नसते, अडथळे मात्र पुष्कळ असतात.

व्यावसायिक संच मुख्यतः दोन पट्ट्यांत काम करतात. १३६ ते १७४ मेगाहर्ट्‌झचा पट्टा व्हीएचएफ म्हणून, तर ४०० ते ४७० मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा पट्टा यूएचएफ म्हणून ओळखला जातो. १५० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी दोन मीटर असते. ४५० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची सुमारे ६७ सेंटिमीटर. मोकळ्या शेतशिवारात, उदाहरणार्थ रोहणा ते आर्वी या पट्ट्यात, लांब लहरी अधिक उपयुक्त ठरतात. परंतु जेथे जाड भिंती, अरुंद खिडक्या आणि लोखंडी गज आहेत, तेथे आखूड लहरी लहान फटींतून अधिक सहजपणे आरपार जातात. म्हणूनच इमारतींच्या आत वापरण्यासाठी यूएचएफ पट्टा पसंत केला जातो.

आपल्याकडील अनेक मोठी कारागृहे एकोणिसाव्या शतकातील आहेत. नागपूरचे कारागृह १८६४ मधील, तर पुण्याचे येरवडा १८७१ मधील. त्यांच्या दगडी भिंती कैदी आत ठेवण्यासाठी उभारल्या गेल्या. त्या काळी रेडिओ अस्तित्वातच नव्हता. अशा वास्तूत संचाचा आवाज एका कोपऱ्यात स्वच्छ येतो आणि चार पावले पुढे गेल्यावर नाहीसा होतो. या निःशब्द जागा कोठे आहेत, हे नकाशावर पाहून समजत नाही. प्रत्येक बराक, कोठडी, स्वयंपाकघर, कार्यशाळा आणि रुग्णालय येथे संच घेऊन फिरावे लागते, बोलून पाहावे लागते आणि नोंद करावी लागते.

त्यावर उपाय म्हणजे रिपीटर. उंच जागी बसवलेले हे यंत्र एका फ्रिक्वेन्सीवर आलेला क्षीण संदेश पकडते आणि दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर अधिक शक्तीने पुन्हा सोडते. हाती धरायच्या संचाची शक्ती चार ते पाच वॉट इतकीच असते. रिपीटरमुळे तोच आवाज आवारभर पोचतो. मात्र रिपीटरची वीज गेली, की सारी यंत्रणा कोलमडण्याची भीती असते. म्हणून त्याला स्वतंत्र बॅटरी हवी आणि रिपीटर बंद पडल्यास संचांनी परस्परांशी थेट बोलावे, अशी एक वाहिनी राखून ठेवायला हवी.

जॅमरचे कोडे

कारागृहात मोबाइल जॅमर बसवले असतील, तर वॉकीटॉकी कसा चालतो, असा प्रश्न सहज मनात येतो. जॅमर हा मोबाइलच्या पट्ट्यांत निरर्थक गोंगाट सोडतो, त्यामुळे मोबाइलला मनोऱ्याचा संदेश ऐकू येत नाही. हे पट्टे ७०० मेगाहर्ट्‌झपासून वरचे आहेत. वॉकीटॉकीचे पट्टे त्याखाली असल्याने, जॅमर योग्य दर्जाचा आणि नीट जुळवलेला असेल, तर त्याचा संचांना उपद्रव होऊ नये. निकृष्ट जॅमरचा गोंगाट मात्र शेजारच्या पट्ट्यांतही सांडतो. म्हणून जॅमर चालू असताना सर्व संच तपासून पाहणे अगत्याचे असते.

जॅमरची दुसरी अडचण काळाची आहे. टू-जी सेवेसाठी घेतलेले जॅमर थ्री-जी, फोर-जी आल्यावर निरुपयोगी ठरत गेले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये फाइव्ह-जी सेवा सुरू झाल्यावर आणखी नवे पट्टे वापरात आले. शिवाय जॅमरची शक्ती वाढवली, तर कारागृहाशेजारच्या वस्तीतील फोन बंद पडतात. भारतात जॅमरचा वापर सरकारी यंत्रणांपुरताच मर्यादित असून त्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळ सचिवालयाच्या धोरणानुसार परवानगी घ्यावी लागते. अशा स्थितीत कैद्याच्या चोरट्या फोनला आवाज फुटतो आणि पहारेकऱ्याचा संच मात्र मुका राहतो, असे विपरीत चित्र निर्माण होऊ शकते. ते टाळण्यासाठी जॅमर आणि बिनतारी यंत्रणा यांचे नियोजन एकत्र करणे हाच मार्ग आहे.

जुनी आणि नवी पद्धत

जुन्या ॲनालॉग संचांचा मोठा गुण म्हणजे साधेपणा. संदेश क्षीण झाला, तर खरखर वाढते, पण शब्द लागतात. दोष असा, की त्याच फ्रिक्वेन्सीवर लावलेला कोणताही संच ते बोलणे ऐकू शकतो. कोणत्या कैद्याला कोणत्या दिवशी न्यायालयात नेणार, याची चर्चा अशा वाहिनीवर होणे धोक्याचे असते.

डिजिटल संचांत आवाजाचे आकड्यांत रूपांतर होते आणि ते सांकेतिक रूपात पाठवता येतात. युरोपातील ईटीएसआय या मानक संस्थेने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेले डीएमआर हे मानक जगभर रूढ झाले. त्यात १२.५ किलोहर्ट्‌झच्या एकाच वाहिनीचे कालखंडांत दोन भाग पाडले जातात आणि एका जागी दोन संभाषणे होऊ शकतात. मोठ्या यंत्रणांसाठी टेट्रा हे त्याच संस्थेचे मानक नव्वदच्या दशकापासून वापरात आहे. डिजिटल संचाचा आवाज शेवटपर्यंत स्वच्छ येतो. मात्र मर्यादा ओलांडली, की एकदम तुटतो. खरखर ऐकून सावध होण्याची संधी त्यात मिळत नाही. सांकेतिकीकरण म्हणजे अभेद्य कवच, असेही मानता येत नाही. टेट्राच्या काही संकेतपद्धतींतील गंभीर उणिवा डच संशोधकांनी २०२३ मध्ये उघड केल्या होत्या.

कारागृहाच्या दृष्टीने डिजिटल संचातील तीन सोयी विशेष मोलाच्या आहेत. पहिली सोय आणीबाणीच्या बटणाची. सहसा नारिंगी रंगाचे असलेले हे बटण दाबताच नियंत्रण कक्षात इशारा वाजतो आणि कोणाच्या संचावरून तो आला, हे पडद्यावर दिसते. तोंडाने बोलण्याची उसंत नसतानाही हाक पोचते. दुसरी सोय म्हणजे संच ठरावीक वेळ आडवा किंवा निश्चल राहिल्यास आपोआप इशारा देण्याची. पहाऱ्यावरील माणूस कोसळला किंवा त्याला पाडण्यात आले, तर याचा उपयोग होतो. तिसरी सोय संच दुरून निकामी करण्याची. संच कैद्यांच्या हाती पडला, तर सर्व पहाऱ्याचे बोलणे त्यांना ऐकू जाईल. नियंत्रण कक्षातून तो त्वरित बंद करता आला पाहिजे.

परवाना कोणाचा?

वॉकीटॉकी म्हणजे दुकानातून आणून वापरायची वस्तू नव्हे. रेडिओ लहरी ही राष्ट्रीय संपत्ती असून कोणती फ्रिक्वेन्सी कोणी वापरायची, हे केंद्राच्या दूरसंचार विभागातील बिनतारी नियोजन व समन्वय शाखा ठरवते. पूर्वी या व्यवहाराला १८८५ चा तार अधिनियम आणि १९३३ चा बिनतारी तार अधिनियम लागू होता. त्यांची जागा घेणारा दूरसंचार अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि २०२४ पासून टप्प्याटप्प्याने अमलात येऊ लागला.

४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ या चिंचोळ्या पट्ट्यात अल्प शक्तीचे संच विनापरवाना वापरण्याची मुभा २०१८ मध्ये देण्यात आली. कार्यक्रमांचे आयोजक, गिर्यारोहक, लहान आस्थापना यांना ते पुरेसे आहेत. कारागृहासाठी ते कुचकामी होत, कारण त्या वाहिन्या कोणालाही खुल्या आहेत आणि भिंतीबाहेर उभा असलेला माणूसही त्या ऐकू शकतो.

बोलण्याची शिस्त

यंत्र उत्तम असले, तरी ते वापरणाऱ्याची शिस्त नसेल तर त्याचा उपयोग होत नाही. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून मग बोलावे. नाहीतर पहिला शब्द कापला जातो. तो शब्द बहुधा कोणाला हाक मारली हाच असतो. संच तोंडापासून चार-पाच बोटे दूर धरावा. ओरडल्याने आवाज फाटतो. आधी ज्याला हाक मारायची त्याचे, मग स्वतःचे संकेतनाम सांगावे. त्यानंतर जागा, घडलेली गोष्ट आणि हवी असलेली मदत, या क्रमाने बोलावे. ‘कंट्रोल, टॉवर तीन. उत्तरेकडील भिंतीजवळ दोन जण. तुकडी पाठवा. ओव्हर,’ एवढे पुरते. ‘अरे, इकडे काहीतरी गडबड दिसते, लवकर या’ या वाक्याने सर्व जण घाबरतात, परंतु कोठे जायचे हे कोणालाच कळत नाही.

मराठी भाषकांसाठी एक अडचण विशेष आहे. कारागृहात सकाळी बराकी उघडताना आणि संध्याकाळी बंद करताना कैद्यांची मोजणी होते आणि बेरीज जुळल्याखेरीज कोणाला हलता येत नाही. मराठीतील जोडसंख्या खरखरीत परस्परांसारख्या ऐकू येतात. एकोणपन्नास आणि एकोणसाठ, सदुसष्ट आणि सत्त्याहत्तर यांत गफलत होणे सहज शक्य आहे. म्हणून आकडे सुटे सांगण्याची पद्धत उपयोगी पडते. ‘एकोणपन्नास’ न म्हणता ‘चार, नऊ’ म्हणायचे आणि ऐकणाऱ्याने ते पुन्हा उच्चारून दाखवायचे. दहा कैद्यांचा फरक केवळ उच्चारामुळे पडला, तर संपूर्ण मोजणी नव्याने करावी लागते. आणि खराखुरा फरक उच्चाराची चूक समजून सोडून दिला, तर त्याचे परिणाम सांगायला नकोत.

वाहिनीवर थट्टा, घरगुती गप्पा किंवा कैद्यांची वैयक्तिक माहिती यांना जागा असता कामा नये. एकाने बटण दाबून ठेवले, तर इतरांची वाट अडते. कित्येकदा हे बटण कमरपट्ट्यात अडकून नकळत दाबले जाते आणि सबंध वाहिनी मुकी होते. यासाठी आणीबाणीच्या संदेशाला प्राधान्य देणारी आणि ठरावीक सेकंदांनंतर बोलणे आपोआप तोडणारी सोय संचात चालू ठेवावी लागते.

संच खरेदीनंतरचा प्रश्न

व्यावसायिक संचाची बॅटरी सर्वसाधारणपणे एका पाळीच्या हिशेबाने मोजली जाते. वेळेचा पाच टक्के भाग बोलण्यात, पाच टक्के ऐकण्यात आणि नव्वद टक्के वाट पाहण्यात जातो, असे त्यामागील गृहीत असते. पाळी लांबली, बदली माणूस आला नाही किंवा बॅटरी जुनी झाली, की हा हिशेब कोलमडतो. संच गळ्यात असतो, दिवाही लुकलुकत असतो. परंतु बटण दाबताच तो मान टाकतो. म्हणूनच प्रत्येक पाळीच्या आरंभी संचाची देवघेव नोंदवहीत लिहिणे, बोलून चाचणी घेणे, राखीव बॅटऱ्या भारित ठेवणे आणि दोन-तीन वर्षांत त्या बदलणे, ही कामे झडतीइतकीच महत्त्वाची आहेत.

मध्यवर्ती कारागृहांच्या तुलनेत जिल्हा कारागृहांत ही निकड अधिक जाणवते. राज्यात येरवडा, आर्थर रोड, ठाणे, तळोजा, नाशिक रोड, हर्सूल, कळंबा, अमरावती आणि नागपूर अशी नऊ मध्यवर्ती कारागृहे आहेत. तेथे मनुष्यबळ मोठे असल्याने एकाची हाक दुसऱ्याच्या कानी पडण्याची शक्यता तरी असते. लहान कारागृहात रात्रीच्या पाळीला मोजकीच माणसे असतात आणि प्रत्येक जण आपापल्या जागी एकटा असतो. त्याचा आवाज भिंतीपलीकडच्या पोलिस नियंत्रण कक्षापर्यंत पोचण्याची निश्चित व्यवस्थाही तितकीच आवश्यक असते. कारण कारागृहाला बाहेरून मिळणारी पहिली कुमक पोलिसांचीच असते. आरोपीला रोहण्याहून वर्ध्यापर्यंत आणणारी पोलिसांची यंत्रणा आणि त्याला सांभाळणारी कारागृहाची यंत्रणा यांच्यात दाराशी पडणारा खंड तेथेच भरून निघायला हवा. आणीबाणीत कोणी कोणाला, कोणत्या वाहिनीवर हाक मारायची, हे आधी ठरलेले आणि सरावाने अंगवळणी पडलेले असेल, तरच हे शक्य आहे.

वॉकीटॉकी किती घेतले, हा आकडा कागदोपत्री नेहमीच उपलब्ध असतो. त्यातील किती आज रात्री बोलतात, कोणत्या कोपऱ्यात बोलत नाहीत आणि शेवटचा सराव कधी झाला, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे. कैदी पळाल्यानंतर चौकशी समिती ते विचारतेच. घटना घडण्यापूर्वी ते विचारले गेले, तर पहाटे टॉवरवर एकटा उभा असलेला शिपाई निर्धास्तपणे बटणावर बोट ठेवू शकेल. आपण हाक दिली, तर ती कोणीतरी ऐकत आहे, एवढी खात्री त्याला मिळालीच पाहिजे.